विश्लेषण : घरात ऊन येत नाही, मग झाडांना दिवा लावायचा का? ‘ग्रो लाइट’ किती उपयोगी, किती खर्चिक?

समोर नवा टॉवर उभा राहतो आणि बाल्कनीतले ऊन जाते. पुनर्विकासात मिळालेल्या घराची खिडकी डक्टकडे उघडते. भाड्याच्या फ्लॅटला बाल्कनीच नसते. मुंबई, ठाणे, पुण्यातील असंख्य घरांत हेच चित्र आहे. मग एक दिवस लक्षात येते, की तुळशीची पाने बारीक झाली आहेत, कढीपत्त्याला महिन्याभरात नवा फुटवा आलेला नाही आणि मनी प्लांटची वेल लांबच लांब वाढली असली तरी तिच्यावर पाने मोजकीच आहेत.

मोबाइलवर ‘प्लँट लाइट’ असे शोधले की पुढचे आठ दिवस जांभळ्या दिव्यांच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत. चारशे रुपयांपासून दहा हजारांपर्यंत काहीही मिळते. ‘१००० वॅट’, ‘फुल स्पेक्ट्रम’, ‘सूर्यप्रकाशाला पर्याय’ असे दावे असतात. अनेक जण दिवा आणतात, लावतात आणि दोन महिन्यांनी झाडही जाते, दिवाही माळ्यावर जातो. दिव्याने झाड खरेच वाढते का, कोणता दिवा घ्यावा, किती उंचीवर लावावा आणि वीजबिल किती येते, याचा हा आढावा.

घरात लख्ख उजेड असूनही झाड का सुकते?

याचे कारण माणसाच्या डोळ्यांत आहे. डोळ्यांची बाहुली उजेडानुसार लहान-मोठी होते, मेंदूही जुळवून घेतो. त्यामुळे आपल्याला ‘लख्ख’ वाटणारी खोली झाडाच्या दृष्टीने जवळपास अंधारी असू शकते. भर दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाशाची पातळी सुमारे एक लाख लक्स असते. ट्यूबलाइट लावलेल्या दिवाणखान्यात ती साधारण १०० ते ३०० लक्स असते. म्हणजे फरक दुप्पट-चौपट नाही, तर शेकडो पटींचा आहे.

खिडकीपासून जितके आत जावे, तितका प्रकाश झपाट्याने घटतो. खिडकीच्या कट्ट्यावर तग धरणारी कुंडी तीन-चार फूट आत सरकवली तर तिला आधीच्या तुलनेत थोडाच प्रकाश मिळतो. काच, जाळी, ग्रिल आणि पडदे त्यातला आणखी वाटा खातात.

खिडकीच्या दिशेचेही एक गणित आहे. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. या काळाच्या दोन्ही टोकांना आपण ‘शून्य सावली दिवस’ पाहतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये ज्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट घरात शिरते, त्याच खिडकीत जूनमध्ये थेट ऊन येत नाही. त्यातच पावसाळ्याचे ढग येतात. ‘दिवाळीपर्यंत छान होते, पावसाळ्यात गेले’ ही तक्रार त्यामुळेच सर्वत्र ऐकू येते.

प्रकाश कमी पडला की झाड आधी प्रकाशाच्या शोधात ताणले जाते. दोन पेरांमधले अंतर वाढते, खोड काडीसारखे होते, पाने लहान आणि फिकट येतात. हे दिसले की बहुतेक जण खत किंवा पाणी वाढवतात. पण कमी प्रकाशातले झाड पाणीही कमी वापरते. माती ओली राहते, मुळे कुजतात आणि झाड दगावते. दोष मात्र मातीला किंवा नर्सरीवाल्याला दिला जातो.

‘ग्रो लाइट’ म्हणजे नेमके काय?

प्रकाशसंश्लेषणासाठी झाडे प्रामुख्याने ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. साधारण हाच पट्टा आपल्याला दिसतो. त्यामुळे झाडाला लागणारा प्रकाश आणि आपल्याला दिसणारा प्रकाश पूर्णपणे वेगळे नाहीत. फरक इतकाच, की आपल्या डोळ्यांना हिरवा-पिवळा प्रकाश सर्वाधिक जाणवतो, तर झाडातील हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश अधिक शोषते.

ग्रो लाइट म्हणजे या पट्ट्यातला प्रकाश पुरेशा प्रमाणात पानांवर टाकणारा दिवा. पूर्वी त्यासाठी सोडियमचे किंवा फ्लुरोसंट दिवे वापरत. आता एलईडीने त्यांची जागा घेतली आहे. कार्यक्षम निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज घराघरांत असलेला पांढरा एलईडी बल्ब याच निळ्या एलईडीवर फॉस्फरचा थर देऊन बनतो. म्हणजे साध्या पांढऱ्या बल्बमध्येही निळ्यापासून तांबड्यापर्यंतचे रंग असतातच. जुना पिवळा तारेचा बल्ब मात्र या कामाचा नाही. त्यातली बहुतेक वीज उष्णतेत जाते आणि झाड जवळ ठेवले तर पाने भाजतात.

जांभळा दिवा चांगला की पांढरा?

जांभळा दिवा म्हणजे तांबडे आणि निळे एलईडी एकत्र. हरितद्रव्य याच दोन रंगांचा प्रकाश जास्त शोषते, मग बाकीचे रंग कशाला, हा त्यामागचा विचार. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०१४ मध्ये बसवलेल्या ‘व्हेजी’ या रोप वाढवण्याच्या यंत्रणेची जांभळट छायाचित्रे जगभर गाजली. तिथे वाढवलेले लेट्यूस अंतराळवीरांनी ऑगस्ट २०१५ मध्ये खाल्ले. मात्र त्या यंत्रणेत तांबड्या-निळ्याबरोबर हिरवे एलईडीही होते, हे फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

हिरवा प्रकाश झाडाला निरुपयोगी, हा समज अर्धवट आहे. कीथ मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये २२ पिकांवरील मोजमापे प्रसिद्ध केली. हिरव्या प्रकाशातही प्रकाशसंश्लेषण बऱ्यापैकी होते, हे त्यातून दिसले. हिरवा प्रकाश पानात खोलवर आणि वरच्या पानांमधून खालच्या पानांपर्यंतही पोहोचतो.

घरासाठी मुद्दा आणखी साधा आहे. जांभळ्या उजेडात बसणे त्रासदायक असते. शिवाय त्या उजेडात पानांचा खरा रंग दिसत नाही. पिवळेपणा, कोळी किडीचे बारीक ठिपके, बुरशी हे सारे लपते. त्यामुळे राहत्या घरात पांढरा दिवा घेणेच शहाणपणाचे. पालेभाज्या आणि शोभेच्या झाडांना ४००० केल्विन (नॅचरल व्हाइट) किंवा ६५०० केल्विन (कूल डे-लाइट) यांपैकी कोणताही चालतो.

खोक्यावरचा वॅटचा आकडा खरा असतो का?

सर्वाधिक फसगत इथेच होते. ‘१००० वॅट’ लिहिलेले अनेक पॅनेल प्रत्यक्षात १०० वॅटच्या आसपासच वीज ओढतात. मोठा आकडा हा जुन्या प्रकारच्या दिव्याशी केलेल्या तुलनेचा किंवा आतल्या चिपच्या कमाल क्षमतेच्या बेरजेचा असतो.

चिमट्याने टेबलाला लावायच्या यूएसबी दिव्यांबाबत तर शाळेतले एक सूत्र पुरते. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. साधा यूएसबी अडॅप्टर ५ व्होल्ट आणि २ अँपिअर देतो, म्हणजे कमाल १० वॅट. अशा अडॅप्टरवर चालणारा दिवा ‘४० वॅट’ किंवा ‘८० वॅट’चा असूच शकत नाही. तीन मानांचा असो की चार मानांचा, ते १० वॅट सगळ्या मानांत वाटले जातात.

मग पाहायचे काय? एक, ‘अ‍ॅक्च्युअल पॉवर’ म्हणजे प्रत्यक्ष वापरली जाणारी वीज. दोन, दर जूलमागे मिळणारे मायक्रोमोल. उत्पादकाने हा आकडा दिला असेल तर चांगल्या ग्रो लाइटमध्ये तो २.५ च्या पुढे असतो. घरातल्या ९ वॅट, ९०० ल्युमेनच्या साध्या एलईडी बल्बमध्ये तो साधारण १.४ भरतो. म्हणजे साधा बल्ब निकामी नाही, तो फक्त तेवढ्याच प्रकाशासाठी जास्त वीज घेतो. एक-दोन कुंड्यांसाठी हा फरक बिलात जाणवणारही नाही.

प्रकाश मोबाइलवर कसा मोजायचा?

झाडाच्या दृष्टीने खरे मोजमाप म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे उपयुक्त प्रकाशकण, अर्थात मायक्रोमोल. ते मोजणारे उपकरण महाग असते. पण घरगुती अंदाजासाठी मोबाइल पुरेसा आहे.

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याजवळ प्रकाश संवेदक असतो. स्क्रीनची प्रखरता तोच ठरवतो. कोणतेही मोफत ‘लक्स मीटर’ अ‍ॅप तो वाचू शकते. आयफोनवर अशी अ‍ॅप कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात. फोन झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर, स्क्रीन दिव्याकडे करून धरायचा आणि आकडा टिपायचा.

पांढऱ्या एलईडीखाली लक्सच्या आकड्याला साधारण ७० ने, तर सूर्यप्रकाशात साधारण ५४ ने भागले की मायक्रोमोल मिळतात. जांभळ्या दिव्याखाली ही युक्ती चालत नाही, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्यांनुसार ठरलेले आहे आणि ते तांबड्या-निळ्याला कमी किंमत देते. फोनचा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसतो. पण ‘इथे जास्त की तिथे’ आणि ‘दिवा लावण्याआधी किती, नंतर किती’ हे त्यावरून नक्की कळते.

कोणत्या झाडाला किती प्रकाश लागतो?

झाड दिवसभराचा हिशेब मांडते. त्यासाठी ‘दैनिक प्रकाशमात्रा’ हे माप वापरतात. मायक्रोमोल गुणिले तास गुणिले ०.००३६ केले की दिवसाचे मोल मिळतात. उन्हाळ्यात निरभ्र दिवशी उघड्या गच्चीवर ही मात्रा ४० मोलच्या आसपास जाते. दहा तास ट्यूबलाइट चालू असलेल्या २०० लक्सच्या खोलीत ती जेमतेम ०.१ मोल असते.

मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी, पीस लिली : २ ते ४ मोल पुरेसे. म्हणजे पांढऱ्या एलईडीखाली रोज १२ तास साधारण ३,२०० ते ६,५०० लक्स.

कोथिंबीर, पुदिना, मेथी, पालक : ८ ते १२ मोल. म्हणजे रोज १४ तास साधारण ११,००० ते १७,००० लक्स.

तुळस : १२ मोल किंवा अधिक. म्हणजे रोज १४ तास किमान १७,००० लक्स.

मिरची, टोमॅटो : फळे हवी असतील तर २० ते ३० मोल. मोठ्या दिव्याशिवाय घरात हे जमणे अवघड, आणि जमले तरी मिरची बाजारापेक्षा महाग पडते.

एका फुटाच्या जागेसाठी किती मोठा दिवा?

एक फूट बाय एक फूट, म्हणजे सुमारे ०.०९ चौरस मीटर जागा धरू. दिव्याचा निम्मा प्रकाश आजूबाजूला वाया जातो असे समजू. ९ वॅटचा साधा बल्ब सेकंदाला सुमारे १३ मायक्रोमोल देतो. त्यातले साडेसहा झाडावर पडले तर त्या जागेत सुमारे ७० मायक्रोमोलची पातळी मिळते. १२ तासांचे झाले ३ मोल. मनी प्लांट किंवा पीस लिलीला एवढे पुरते.

तुळशीसाठी १४ तासांत १२ मोल हवे तर पातळी सुमारे २४० मायक्रोमोल लागते. साध्या पांढऱ्या एलईडीने ती गाठायची तर प्रत्यक्ष ३० वॅट लागतील. २.५ कार्यक्षमतेच्या चांगल्या ग्रो लाइटने १७-१८ वॅटमध्ये काम होईल. १० वॅटचा यूएसबी दिवा तुळशीला का तारू शकत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे. बहुतेक घरांत दिवा कमी पडतो आणि दोष झाडाला लागतो.

दिवा कुठे आणि किती उंचीवर लावायचा?

लहान बल्बपासून अंतर दुप्पट केले की प्रकाश निम्मा नव्हे, तर जवळपास एक-चतुर्थांश होतो. छताला लावलेला बल्ब म्हणूनच झाडाच्या कामाचा नाही. दिवा झाडाच्या वर आणि जवळ हवा.

साधारण १० ते ३० वॅटच्या एलईडीसाठी सुरुवात अशी करता येते. शोभेच्या झाडांसाठी शेंड्यापासून ३० ते ४५ सेंटीमीटर, पालेभाज्या आणि तुळशीसाठी २० ते ३० सेंटीमीटर, नुकत्या उगवलेल्या रोपांसाठी १५ ते २० सेंटीमीटर. मग मोबाइलवर लक्स पाहून दिवा वर-खाली करायचा. पानांच्या उंचीवर तळहात पालथा धरून अर्धा मिनिट थांबा. हाताला ऊब जाणवली तर दिवा फार जवळ आहे.

एकाच कुंडीसाठी टेबल लॅम्पची मान वाकवून काम होते. ओळीने चार-पाच कुंड्या असतील तर चार फुटी, २० वॅटची एलईडी पट्टी मांडणीच्या फळीखाली लावणे सर्वांत सोयीचे. ती कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते आणि प्रकाश सर्व कुंड्यांवर सारखा पडतो. पालेभाज्यांसाठी मात्र एक पट्टी कमी पडेल. शेजारी-शेजारी दोन किंवा तीन लावाव्या लागतील. मागे आणि बाजूला पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोल उभा केला तर वाया जाणारा प्रकाश झाडाकडे परततो. हा उपाय जवळपास फुकट आहे.

अंधारात राहिलेले झाड एकदम प्रखर दिव्याखाली ठेवू नये. पाने पांढरट पडून करपतात. पहिले काही दिवस दिवा लांब किंवा कमी वेळ ठेवून हळूहळू वाढवावा.

दिवा किती तास? रात्रभर चालू ठेवला तर?

१२ ते १४ तास बहुतेक झाडांना पुरतात. १६ तासांपलीकडे जाऊ नये. रात्रभर दिवा लावला तर झाड दुप्पट वाढेल, हा गैरसमज आहे. सतत प्रकाशात ठेवलेल्या टोमॅटोची पाने पिवळी पडतात. कोरफड, स्नेक प्लांट यांसारखी झाडे तर पानांची छिद्रे प्रामुख्याने रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. त्यांना अंधार हवाच.

फुलझाडांचा प्रश्न वेगळा. काही झाडे रात्रीची लांबी ‘मोजून’ फुलतात, हे गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवले. शेवंती त्यातलीच. रात्र मोठी झाली की ती कळ्या धरते. फुलांचा हंगाम पुढे ढकलण्यासाठी शेवंतीच्या पिकावर रात्री दिवे लावण्याची पद्धत त्यावरच बेतलेली आहे. घरातल्या शेवंतीवर किंवा लाल पानांच्या पॉइनसेटियावर रात्री उशिरापर्यंत दिवा ठेवला तर झाड हिरवेगार राहील, पण फुलणार नाही.

आठवण ठेवण्यापेक्षा टायमर लावावा. खटक्यांचा साधा यांत्रिक टायमर काही शे रुपयांत मिळतो. मात्र वीज गेली की तो थांबतो आणि तेवढा मागे पडतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा त्याची वेळ जुळवावी. भारनियमन असलेल्या भागात बॅटरी असलेला डिजिटल टायमर बरा. वेळ सकाळी ६ ते रात्री ८ अशी ठेवावी. खोलीत कुणी झोपत असेल तर उशिरापर्यंतचा निळसर प्रकाश त्यांच्या झोपेच्याही आड येतो.

वीजबिल किती वाढते?

दर टप्प्यानुसार आणि कंपनीनुसार बदलतो. हिशेबासाठी युनिटला १० रुपये धरू. ९ वॅटचा बल्ब रोज १२ तास लावला तर महिन्याला सुमारे सव्वातीन युनिट, म्हणजे ३२-३३ रुपये. २० वॅटची पट्टी १२ तास लावली तर ७.२ युनिट, म्हणजे ७२ रुपये. तुळशीसाठी ३० वॅट १४ तास लावले तर १२.६ युनिट, म्हणजे १२६ रुपये.

शोभेच्या एका झाडासाठी हा खर्च किरकोळ आहे. कोथिंबिरीच्या जुडीशी तुलना केली तर तो परवडत नाही. घरातली भाजी दिव्यावर पिकवून पैसे वाचतील, हा दावा म्हणूनच तपासून घ्यावा. आनंद मिळेल, ताजेपणा मिळेल. बचत बहुधा नाही.

पाणी आणि वीज एकत्र, धोका किती?

या साऱ्या मांडणीतला हा सर्वांत गंभीर भाग आहे आणि जाहिरातीत तोच नसतो. कुंडीला रोज पाणी घातले जाते, शेजारी वायर असते आणि हात ओले असतात.

- एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर किंवा कुंडीखाली ठेवू नये. तो भिंतीवर, कुंड्यांपेक्षा उंच असावा.

- वायर सॉकेटच्या खालून वळसा घेऊन वर जाईल अशी सोडावी. वायरीवरून ओघळणारे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकते, सॉकेटपर्यंत पोहोचत नाही.

- पाणी घालताना किंवा पानांवर फवारताना दिव्याचे बटण बंद करावे. टायमरवर विसंबू नये.

- धातूचा सांगाडा असलेल्या दिव्याला अर्थिंगसह तीन पिनांचाच प्लग हवा. मधली पिन तोडून किंवा दोन पिनांचे जोड लावून चालवू नये.

- घरच्या मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. जुन्या इमारतींत ती अनेकदा नसते. विजेची गळती झाली तर प्रवाह तोडण्याचे काम तीच करते.

- पाण्याचे शिंतोडे उडतील अशा ठिकाणी ‘आयपी ६५’ दर्जाचा दिवा घ्यावा. यातला ६ हा आकडा धुळीपासूनचे, तर ५ हा पाण्याच्या फवाऱ्यापासूनचे संरक्षण सांगतो.

एलईडी बल्बसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बंधनकारक आहे. बल्बवर किंवा खोक्यावर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि आयएस १६१०२ हा मानक क्रमांक पाहावा. तो क्रमांक खरा आहे का, हे ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येते. निनावी आयात दिवा स्वस्त पडतो, पण त्यातला अडॅप्टर कसा आहे, हे बाहेरून कळत नाही. लहान मुले असतील तर दिव्याकडे थेट पाहता येणार नाही असा आडोसाही करावा.

दिवा लावला, आता पाणी-खत वाढवायचे का?

लगेच नाही. प्रकाश वाढला की झाडाची पाण्याची गरज वाढते, पण काही दिवसांनी. तोवर बोट मातीत दोन पेरे घालून पाहावे. आत ओल असेल तर पाणी नको. खत नवी पाने दिसू लागल्यावरच द्यावे. पानांवरची धूळ आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी, कारण धुळीचा थर विकत घेतलेला प्रकाश अडवतो.

फरक किती दिवसांत दिसेल? जुनी, ताणलेली फांदी पुन्हा आखूड होत नाही. पाहायचे ते नव्या वाढीकडे. नवी पाने मोठी आणि गडद, पेरे जवळजवळ आली तर दिवा योग्य आहे. शेंडे अजूनही खिडकीकडेच वाकत असतील तर दिवा कमी पडतो आहे. वरची पाने पांढरट किंवा करपलेली दिसली तर तो फार जवळ आहे. हे ठरवायला किमान तीन-चार आठवडे द्यावेत.

दिवा कधी घेऊच नये?

खर्च करण्याआधी मोबाइल घेऊन घरभर एकदा फिरावे. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, प्रत्येक खिडकीच्या कट्ट्यावर. अनेकदा स्वयंपाकघराच्या खिडकीत किंवा जिन्याजवळच्या कोपऱ्यात हॉलपेक्षा दुप्पट-चौपट प्रकाश निघतो आणि कुंडी हलवण्याने प्रश्न सुटतो. मनी प्लांट, झीझी, स्नेक प्लांट यांना खिडकीजवळ दिवसभर ४-५ हजार लक्स मिळत असतील तर त्यांना दिव्याची गरजच नाही.

गुलाब, जास्वंद, लिंबू, कढीपत्ता ही उन्हाची झाडे आहेत. त्यांना हॉलमध्ये दिव्यावर वाढवण्याचा अट्टहास महाग पडतो. सोसायटीच्या गच्चीवर परवानगी मिळत असेल तर ती झाडे तिथेच बरी.

राहिला प्रश्न तुळशीचा. अनेक घरांत ती केवळ एक झाड नसते. रोज सकाळी तिला पाणी घालणारे घरातले ज्येष्ठ तिच्या पिवळ्या पानांनी खरोखर कष्टी होतात. ‘गच्चीवर ठेवा’ हे उत्तर जिने न चढू शकणाऱ्यांसाठी उत्तर नसते. अशा घरात प्रत्यक्ष ३० वॅटचा पांढरा दिवा, २० ते ३० सेंटीमीटरवर, १४ तासांच्या टायमरवर आणि सुरक्षित वायरिंगसह लावला, तर तुळस अंगणातल्यासारखी डेरेदार होणार नाही, पण जगेल आणि नवी पाने धरेल. दोन कुंड्या ठेवून एक गच्चीवर, एक घरात अशी दर पंधरवड्याला अदलाबदल करणे हा आणखी चांगला मार्ग. तेव्हा मात्र घरातून गच्चीवर गेलेली कुंडी पहिले चार-पाच दिवस सावलीत ठेवायला विसरू नये. महिना सव्वाशे रुपये त्यासाठी मोजायचे की नाही, हे ज्याने-त्याने ठरवावे. पण ते ठरवताना हाताशी जाहिरातीतला नव्हे, तर आपल्या मोबाइलवर दिसलेला आकडा असावा.